गेममधल्या रेंजरच्या गाडीला जंगलात नेमकं काम काय?

खाडीकाठ
जीटीए ५ मध्ये (रॉकस्टार कंपनीचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा व्हिडिओ गेम) व्हाइनवूडच्या टेकड्यांच्या मागच्या अंगाला बीव्हर बुश रेंजर स्टेशन आहे. तिथे पार्क रेंजरची गाडी उभी असते. मूळची डिक्लास ग्रेंजर, म्हणजे खऱ्या जगातली शेव्हरोले सबर्बन. पांढऱ्या अंगावर हिरवा पट्टा, टपावर दिवे. गेममध्ये शेकड्यांनी गाड्या असताना मला हीच लागते. मिशनं पडून आहेत आणि मी आपला ती घेऊन माउंट चिलियाडच्या मातीच्या रस्त्यांवर रमतगमत फिरतोय.

पण फिरता फिरता एक गोष्ट डाचायला लागली. ह्या गाडीला काम काय? शहरातल्या पोलिसाला चोर आहेत, ॲम्ब्युलन्सला जखमी आहेत, बंबाला आग आहे. रेंजरला? रान आहे, हरणं आहेत, कोयोटी आहेत, पायवाटेवर मागून झडप घालणारा माउंटन लायन आहे. त्यातल्या कशाशी रेंजरचा संबंध नाही. तुम्ही काही आगळीक केलीत तर शहरी पोलिसासारखीच बंदूक काढतो, तेवढंच. उलट शिकारीला गेममध्ये रीतसर जागा आहे. ट्रेव्हर (आपण खेळतो त्या पात्रांतला एक) आणि त्याचा सोबती क्लीटस जोडीने एल्क हरणं टिपतात. म्हणजे शिकाऱ्याला मिशन आणि राखणदाराला नुसती गाडी.

माझं म्हणणं असं, की ओपन वर्ल्डवाल्यांना, म्हणजे अख्खा मुलूख मोकळा फिरायला देणारे गेम बनवणाऱ्यांना, जंगल कळतच नाही. पोलीस गाडी रंगवून उभी केली की झालं. तुम्हाला काय वाटतं? दुसऱ्या कुठल्या गेममध्ये रेंजरला रेंजरचं काम दिलेलं कुणी पाहिलंय का?

जिलबीवाला
पहिला. वाचतोय. जरा फोडणी बसू दे, मग येतो.

मोडेम_काका
तुमच्या पिढीला निदान हरणं तरी मिळाली. २००४ च्या जीटीए सॅन अँड्रियासमध्ये रेंजर नावाचीच गाडी होती. शहर सोडून खेड्यांकडे वळलात की हीच मागे लागायची. आणि त्या अख्ख्या रानात जमिनीवर चालणारं एक जनावर नव्हतं! पाण्याखाली कासवं, डॉल्फिन, शार्क सगळे हजर, जमिनीवर भोपळा. तरी चिलियाडच्या धुक्यात बिगफूट दिसतो ही गोष्ट आम्हाला सायबर कॅफेत शपथेवर सांगितली जायची. रत्नागिरीत तासाला पैसे मोजून आम्ही त्याला शोधलाय. कॅफेवाल्याचा धंदा बिगफूटने चालवला म्हणा ना. (पुढे ५ मध्ये रॉकस्टारने तो खरोखरच आणला. गेम १०० टक्के पूर्ण केल्यावर 'द लास्ट वन' नावाचं मिशन उघडतं, ते बघा. काय निघतं ते सांगत नाही.)

आता तुमचा प्रश्न. सॅन अँड्रियासमध्ये त्या गाडीला काम होतं. आत बसायचं, कीबोर्डवर २ दाबायचं, व्हिजिलांटी सुरू. गुंडांचा पाठलाग करायचा. बारावी पातळी पार केली की चिलखताची मर्यादा १५० वर जायची. ॲम्ब्युलन्सच्या बाराव्या पातळीला तब्येत वाढायची, बंबाच्या बाराव्या पातळीनंतर आग लागली तरी चटका नाही. त्यामुळे काम नव्हतं असं म्हणता येणार नाही. ते जंगलाचं नव्हतं, हे मात्र कबूल.

कंट्रोलर_तुटका
काका, ती गाडी वनखात्याची नव्हतीच. फायलीतलं तिचं नाव copcarru असं होतं, म्हणजे 'कॉपकारआरयू', ग्रामीण पोलिसांची. मॉडेल क्रमांक ५९९. लॉस सँटोसची पोलीस गाडी ५९६, सॅन फिएरोची ५९७, लास व्हेंचुराजची ५९८, आणि रानातली ही चौथी. रँचर ह्या गेममधल्याच दुसऱ्या गाडीचा सांगाडा घेऊन त्याला पोलिसी साज चढवला होता.

मॉडरेटर_२
कंट्रोलर_तुटका, कृपया देवनागरी.

कंट्रोलर_तुटका
फायलीचं नाव होतं हो! बरं, राहिलं.

मुद्द्याकडे. खाडीकाठ म्हणतात 'रंगवलेली पोलीस गाडी', ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, पण त्याला जंगल न कळणं हे कारण नाही. सॅन अँड्रियास मुळात प्लेस्टेशन २ साठी बनला. त्या यंत्राची मुख्य मेमरी ३२ एमबी. आपल्या फोनमधला गणपतीच्या आरतीचा एक व्हिडिओ तेवढ्यात मावायचा नाही. एवढ्याशा जागेत रस्ते, घरं, माणसं, आवाज सगळं सतत आत-बाहेर करायचं. म्हणून एका वेळी गाड्यांची मोजकीच मॉडेलं मेमरीत असायची. तुम्ही एखादी दुर्मीळ गाडी चोरली की रस्त्यावर अचानक तसल्याच गाड्या दिसायला लागायच्या, आठवतंय? नशीब नव्हतं ते. ते मॉडेल आधीच मेमरीत आलेलं असायचं म्हणून गेम तेच वापरायचा. अशा तंगीत रेंजरसाठी वेगळी अक्कल कोण लिहिणार? पोलिसाचीच अक्कल उसनी दिली.

५ मध्ये यंत्रं मोठी झाली, पण पाठलाग आणि स्टार (पोलीस किती हात धुऊन मागे लागलेत ते दाखवणारे) हा सांगाडा तोच राहिला.

निवांत_नाखवा
टपावर मासळीच्या टोपल्या किती राहतील तेवढं सांगा. बाकी चालू द्या.

चिपळूणची_चेटकीण
खाडीकाठ, असहमत. आणि तुम्ही स्वतःच स्वतःला खोडलंय. मिशनं पडून आहेत, मी फिरतोय, असं म्हणता ना? मग तेच तिचं काम! स्पोर्ट्स कारमध्ये बसलं की हात आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, ट्रक घेतला की कुठेतरी माल पोचवायची घाई. ह्या गाडीत बसलं की माणूस वेग कमी करतो, कडेला बघतो. मी तर संध्याकाळच्या वेळी तिचे दिवे लावून (सायरन बंद ठेवून) हळूहळू घाट उतरते. कोणी सांगितलेलं नसतं.

सगळ्याला मिशन लागतंच का? गेममध्ये मिशन म्हणजे शेवटी नकाशावरचा पिवळा ठिपका. रेंजरला ठिपके दिले असते तर तुम्हीच चार दिवसांनी धागा काढला असता, की काय हो तेच तेच, हरीण वाचवा, कचरा उचला.

जिलबीवाला
कचरा उचला मिशन आपल्या समुद्रकिनाऱ्यावर ठेवा. १०० टक्के कधीच होणार नाही.

मोडेम_काका
महामार्गासारखं.

जिलबीवाला
काका, धाग्यावर मुंबई-गोवा महामार्ग आणलात की धागा गेलाच. आवरा.

बीट_बाहेरचा
मी वनखात्यात आहे. हुद्दा आणि तालुका विचारू नका. मुलगा हा गेम खेळतो, म्हणून ती गाडी ओळखीची आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही हसलो होतो, कारण एवढी लांब-रुंद गाडी आमच्याकडे द्याल तर ती पहिल्याच पाणंदीत अडकेल. दोन्ही बाजूला गडगे, मधून जेमतेम बैलगाडीची वाट. बोलेरो जाते तीही आरसे मिटून.

पण मुख्य फरक गाडीचा नाही. आमची खरी गस्त पायी असते. वनरक्षकाच्या नावावर बीट, म्हणजे राखायचा ठरावीक टापू असतो, दोनचार बीटं मिळून वनपालाचं परिमंडळ, आणि त्या सगळ्यांवर परिक्षेत्र अधिकारी, ज्याला लोक रेंजर म्हणतात. गाडी असते ती बहुतेक परिक्षेत्राला. बीटवरचा माणूस स्वतःच्या मोटरसायकलवर किंवा चालत.

गस्तीत बघायचं काय, तर सांगतो. फासकी. रानडुकरासाठी लोक क्लचच्या वायरीची नाहीतर जाड तारेची फासकी लावतात, कुंपणाच्या भोकाशी, डुकराच्या वाटेवर. डुक्कर सापडतं कधीतरी, पण त्याच वाटेने बिबट्याही जातो. कमरेला तार आवळलेला बिबट्या ज्याने पाहिला तो विसरत नाही. ती तार गाडीतून दिसत नाही. वाकून, गवत बाजूला करूनच दिसते.

दुसरं म्हणजे खैर. कातासाठी खैराला भाव आहे. रात्री तोड होते आणि पहाटेच्या आत टेम्पो निघतो. हे एकच काम असं आहे, जिथे तुमच्या गेममधला पाठलाग थोडाफार खरा. तिसरं वणवे. उन्हाळ्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढायच्या, नंतर धूर दिसला की हिरवे डहाळे घेऊन झोडपायचं. आंबा-काजूची बाग एकदा होरपळली की माणूस पाच-सात वर्षं मागे जातो.

आणि विहिरी. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडला, हा फोन वर्षातून ठरलेला. पिंजरा दोरांवर विहिरीत सोडायचा, तो आत शिरेपर्यंत वाट बघायची, दार पाडायचं, वर ओढायचा. बिबट्याचा त्रास कमी असतो. बघ्यांचा जास्त. गाव लोटतं, मोबाइल वर, काही जण विहिरीच्या तोंडापर्यंत. माणसं मागे सारण्यात निम्मा दिवस जातो. तुमच्या गेममध्ये गोळीचा आवाज झाला की लोक पळत सुटतात. आमच्याकडे आवाज झाला की लोक जमतात.

खाडीकाठ
बीट_बाहेरचा, ह्याच प्रतिसादासाठी धागा काढला होता असं आता म्हणतो.

चिपळूणची_चेटकीण
शेवटची दोन वाक्यं 🙏 वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पण बघा, ह्यातलं गेममध्ये काय येईल? फासकी शोधणं येईल, पाठलाग येईल. पिंजऱ्यात बिबट्या शिरेपर्यंत वाट बघणं कोण खेळणार?

सडा_आणि_कातळ
मासेमारीचे गेम लोक तासन् तास खेळतात की, चेटकीणताई. तिथे दुसरं काय असतं?

निवांत_नाखवा
माझं नाव काढलं का कुणी?

तिलारीकर
गाडयेचा काय घेऊन बसलास रे सगळे? हयसर हत्ती बागायतीत शिरले काय माड उभे चिरतत, केळी तर एका रात्रीत सपाट. तेंका हाकलूक पोरां फटाके घेऊन रातभर जागतत, वनखात्याची माणसां पण बरोबर असतत. तुझ्या त्या ग्रेंजर गाडयेर हत्तीन नुसतो पाय ठेवल्यान तर काय होतला, तां दाखव गेमात. मगे मी इकत घेतंय.

आणि बिबट्याचा म्हणशीत तर आमच्या गोठ्याच्या मागसून जाता तो. आमी तेका नाव ठेवलंव नाय, इतक्याच.

जिलबीवाला
तिलारीकर येतात आणि धाग्याला वजन येतं. हत्तीचं.

तिलारीकर
मेल्या, तू जिलब्या तळ.

सडा_आणि_कातळ
तिलारीचा विषय निघालाच आहे तर माहितीसाठी. कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात यायला लागले त्याला आता वीसहून अधिक वर्षं झाली. २०२० मध्ये तिलारीच्या साडेएकोणतीस चौरस किलोमीटर रानाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण हत्तीला ती सीमा कोण दाखवणार?

आणि कोकणातली दुसरी अडचण म्हणजे रान कुणाचं? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदीच थोडं. बहुतेक जंगल खाजगी मालकीचं, सामायिक सातबाऱ्याचं, एकेका गटावर दहा-वीस नावं आणि निम्मे मुंबईला. जीटीएमध्ये 'स्टेट पार्क' म्हटलं की पाटी, फाटक, नकाशावर हिरवा रंग, विषय संपला. आपल्याकडे बिबट्या सकाळी सरकारी रानात, दुपारी कुणाच्या तरी कलमांच्या बागेत आणि रात्री ग्रामपंचायतीमागे. ह्यात रेंजरची हद्द कशी आखायची? म्हणून मला वाटतं गेमवाल्यांनी सोपं केलं तर त्यात नवल नाही. खरं करायला गेले असते तर अर्धा गेम तलाठ्याकडे गेला असता.

मोडेम_काका
वारस नोंदीचं मिशन! बारावी पातळी पार केली की उतारा मिळतो.

कंट्रोलर_तुटका
वरच्या मूळ प्रश्नातला दुसरा भाग कुणी घेतलाच नाही, की दुसऱ्या कुठल्या गेममध्ये रेंजरचं काम आहे का. ५ मध्येच आहे, फक्त रॉकस्टारने दिलेलं नाही. एलएसपीडीएफआर नावाचा मॉड आहे, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोडणी. तो टाकला की तुम्ही पोलीस होता. गस्त घालायची, गाडी थांबवायची, परवाना तपासायचा, दंड लावायचा, वायरलेसवर बोलावणं आलं की जायचं. लोक त्यात पार्क रेंजर बनून तासन् तास खेळतात. गोळी न चालवता अख्खी पाळी संपवणारे बहाद्दर आहेत. व्हिडिओ शोधा, मिळतील. मात्र हे एकट्याने खेळायच्या गेममध्येच. ऑनलाइनमध्ये मॉड घालायला गेलात तर खातं बंद होतं, मग इथे रडायला येऊ नका.

जनावरांच्या बाबतीत रॉकस्टारचाच रेड डेड २ बघा, जवळजवळ २०० जातींचे प्राणी आहेत आणि ते एकमेकांना खातात, पळवतात, मेलेल्यावर गिधाडं येतात. पण काळ १८९९ चा, त्यामुळे गाडी नाही, घोडा. आणि तिथेही तुम्ही शिकारीच.

चिपळूणची_चेटकीण
आणि ५ च्या नंतरच्या आवृत्तीत पेयोट (एक प्रकारचं निवडुंग) खाऊन आपण स्वतःच प्राणी होतो ते? एकूण २७ झाडं लपवलीत. म्हणजे बघा, गेममध्ये हरीण होता येतं, शिकारी होता येतं, रेंजर तेवढा होता येत नाही. खाडीकाठ, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, फुकट देतेय.

खाडीकाठ
घेतला. आभार.

वेळासची_वाट
उशिरा आले. एक वेगळी बाजू मांडते. आमच्या मंडणगड तालुक्यात वेळासला २००२ पासून कासवांच्या घरट्यांची राखण चालते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरुवात केली, मग गाव, वनखातं सगळे आले. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. कासवमित्र पहाटे किनारा पायी तुडवतात, वाळूवरचा माग बघतात, घरटं सापडलं की अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत त्याच खोलीवर पुरतात, नाहीतर कोल्हे-कुत्रे उकरतात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात.

सांगायचं कारण, इथे गस्तीची गाडी असून चालतच नाही. वाळूवर चाकं गेली तर खाली पुरलेली अंडी जातात, मादीचा माग पुसला जातो. आणि नेमके पर्यटक कोकणातल्या किनाऱ्यांवर जीप घालतात, गोल गोल फिरवतात, भरतीला रुतली की ट्रॅक्टर बोलावतात. त्या सगळ्यांनी ते कुठल्या तरी गेममध्ये नाहीतर रीलमध्ये बघितलेलं असतं. त्यामुळे 'रेंजरची गाडी किती छान' ह्यात मला फारसं प्रेम वाटत नाही, सॉरी. कोकणात रेंजरचं पहिलं काम म्हणजे गाड्या बाहेर काढणं.

निवांत_नाखवा
+१. आमच्या बंदराजवळ रुतलेल्या गाड्या आम्हीच ओढतो. पैसे रोख घेतो, सल्ला फुकट देतो.

बीट_बाहेरचा
वेळासताई, शंभर टक्के. किनाऱ्यावर गाडी दिसली किंवा जखमी प्राणी दिसला तर १९२६ ला फोन करा. वनखात्याचा टोल फ्री आहे. आधी फोन, मग व्हिडिओ. उलट क्रमाने करू नका.

सडा_आणि_कातळ
गेमवाल्यांनी कोकणाचा नकाशा केलाच तर काय मजा येईल! कलेक्टिबल (शोधून गोळा करायच्या वस्तू) म्हणून कातळशिल्पं, खडकात कोरलेली जुनी चित्रं. एक एक सडा, म्हणजे कातळाचा माळ, पालथा घालायचा, गवत वाढलं की दिसत नाहीत, म्हणून पावसाळ्यात ते मिशन बंद. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलीच आहेत, म्हणजे जगाला माहिती झाली. आणि सॅन अँड्रियासमध्ये जशी पन्नास ऑयस्टर बुडी मारून काढायची होती, तशी आपल्या खाडीत कालवं.

मोडेम_काका
लोडिंग स्क्रीनच्या जागी दाभोळ-धोपावे फेरीबोट. गाडी चढवा, इंजिन बंद करा, वारा खा. तोवर पलीकडचा गुहागर मेमरीत येतो. कंट्रोलर_तुटका, तुमच्या ३२ एमबीची सोय झाली की नाही?

कंट्रोलर_तुटका
काका, हे खरंच चतुर आहे. लिफ्ट, बोगदे, अरुंद फटीतून सरपटत जाणं, हे सगळं गेममध्ये त्याचसाठी असतं. फेरीबोट कुणी वापरली तर पेटंट तुमचं.

जिलबीवाला
ग्रेंजरच्या बाहेर पायरीवर उभं राहून माणसं लटकत जातात ते बघितलंय का? दोन्ही बाजूंना. कोकणातलं वडाप (खचाखच भरलेली प्रवासी जीप) बघूनच केलंय ते. फक्त 'आत सरका, अजून दोन बसतील' म्हणणारा राहिला.

तिलारीकर
आणि कोंबड्यो. टपार कोंबड्यो नसतील तर ता वडाप कसला?

लॅपटॉप_गरम
इतका वेळ नुसतं वाचत होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला तेव्हापासून मी म्हणतोय की आपल्याकडे ताकद आहे. ओपन वर्ल्डला पैसा लागतो, ते वेगळं. पण पूर्ण गेम कशाला? सॅन अँड्रियासच्या त्या ग्रामीण पोलीस गाडीच्या जागी बोलेरो टाकायची. मॉडेल आणि रंगाची फाइल बदला, हँडलिंगच्या फायलीत तिच्याच ओळीत वजन आणि ताकद घाला. बोलेरोचे पंचाहत्तर घोडे, त्यात चिलियाड चढवा. खाडीकाठना हवी ती संथ गस्त आपोआप मिळेल, कारण वेगाने जाताच येणार नाही.

खाडीकाठ
लॅपटॉप_गरम, हसू नका, पण मला हे पटलंय. सगळं वाचल्यावर माझं मूळ म्हणणं मी जरा आवळून मांडतो. जंगल कळत नाही हे तितकंसं खरं नाही, चेटकीणताईंचं बरोबर आहे, झाडं-धुकं-उजेड सगळं कळतं त्यांना. कळत नाही ते राखणं. गेमला 'काहीतरी घडलं' एवढंच मोजता येतं. मारलं, पोचवलं, जिंकलं. राखणीत चांगला दिवस म्हणजे काहीच न घडलेला दिवस. त्याचे गुण कसे द्यायचे?

बीट_बाहेरचा
आमच्या डायरीत तसं रोज लिहितो. 'बीटमध्ये फिरलो, काही आढळून आले नाही.' त्याला भत्तासुद्धा नाही, गुण कुठले मागता!

चिपळूणची_चेटकीण
हे जमू शकतं मात्र. मोजायचंच तर उलटं मोजा. सुरुवातीला नकाशावर फासक्या असतील, त्या काढल्या नाहीत तर दर आठवड्याला रानातले आवाज एकेक करून कमी होतील. आधी भेकर, मग शेकरू. कुठे ठिपका नाही, सूचना नाही. ज्याच्या लक्षात आलं तो उतरेल आणि चालेल.

कंट्रोलर_तुटका
आवाजाच्या फायली वेगवेगळ्या ठेवल्या आणि स्क्रिप्टने एकेक बंद केली, तर सॅन अँड्रियासमध्येसुद्धा होईल. प्राणी दाखवायचीही गरज नाही. काका खूश, जमिनीवर भोपळाच राहील.

वेळासची_वाट
हा मॉड मी चक्क टाकून घेईन. अट एकच, किनाऱ्यावर गाडी उतरवली की इंजिन बंद पडलं पाहिजे.

लॅपटॉप_गरम
मान्य. मग वाटून घेऊ. बोलेरोचं मॉडेल माझ्याकडे, स्क्रिप्ट कंट्रोलर_तुटका, आवाज कुणीतरी गावाहून रेकॉर्ड करून पाठवा. पहाटेचे हवेत, मागे टीव्ही नको. तपासणी नाका कुठे ठेवायचा? मी कुंभार्ली घाटाचा पायथा म्हणतो.

सडा_आणि_कातळ
आंबा घाट. खैराचा टेम्पो तिकडूनच वर जाईल.

बीट_बाहेरचा
कुठून जातो ते मी इथे सांगणार नाही.

मोडेम_काका
कुंभार्लीच. आंबा घाटात पहिल्याच वळणावर आमची बोलेरो दम टाकेल.

सडा_आणि_कातळ
काका, कुंभार्लीत काय वेगळं होणार आहे? चढ तुम्ही शेवटचा कधी बघितलाय?

तिलारीकर
दोघय गप रवा. आधी हत्ती घाला.